बोटं तिथेच होती

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही अमरावतीला आमच्या चर्चमध्ये येत नाही. येत असतात तर आजही गप्पच बसलो असतो, खोटं कशाला बोलू?

दर्यापूरकडच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो आणि रविवारी सकाळी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, कीबोर्ड वाजवतो. वीस वर्षं झाली. माणूस तसा वाईट नाही — असं आपलं मीच म्हणतो. पण एक खोड आहे. कुठलीही वस्तू हातात आली की ती कुठवर ताणली जाते, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. शाळेत ते खपून जातं.

रोझामावशी आमच्याकडे गाण्याला पुढे असायची. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, साठीच्या पुढची, घरी एकटी. आठवडाभर ती रविवारचीच वाट पाहायची. माईकसमोर पदर घट्ट ओढून घ्यायची आणि असा सूर लावायची की मागची पेंगणारी माणसंही ताठ बसत. हेवा होता का मला? नाही हो. राग? एकदा सगळ्यांसमोर म्हणाली होती, "फ्रान्सिस, तुहा हात लय जड आहे." ते लागलं होतं, नाही कसं म्हणू. पण रागापेक्षा कुतूहल जास्त होतं. हा आवाज थांबतो तरी कुठं?

कीबोर्डवर एक बटण असतं. ते दाबलं की बोटं त्याच जागी फिरतात, पण दर दाबण्याला पट्टी अर्ध्या सुरानं वर चढते आणि तिथेच राहते. समोरच्या छोट्या पडद्यावर एक आकडा बदलतो, तो फक्त वाजवणाऱ्याला दिसतो. एका रविवारी मी ते दाबलं. ती गायली. पंधरा दिवसांनी आणखी एकदा दाबलं. तरी गायली — मला कौतुकच वाटलं. तिसऱ्यांदा मात्र तिच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या. मी वाजवत होतो आणि बघत होतो. काहून केलं असं, विचाराल. बघायचं होतं, याच्यापलीकडे मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

मावशी ज्येष्ठमध चघळू लागली. अकोल्याला जाऊन घशाच्या डॉक्टरला दाखवून आली. तो म्हणाला, घसा चांगला आहे. मग उपवासकाळ लागला. ते चाळीस दिवस आम्ही आलेलुया हा स्तुतीचा घोष गात नाही, तो ईस्टरलाच परत येतो, आणि त्याचा वरचा सूर हा मावशीचा मान. ईस्टरच्या आधीच्या सरावाला तिनं मला बाजूला घेतलं.

"तुनं पट्टी चढवली काय रे? खरं सांग. मले वर पोचताच येऊन नाही राहिलं."

तेव्हा सांगता आलं असतं. हसण्यावारी नेता आलं असतं. मी काय केलं? कीबोर्डवर बोटं ठेवून तिला दाखवली — "पाहा मावशी, नेहमी असतात तिथेच आहेत." तिनं वाकून पाहिलं. बोटं खरंच तिथेच होती.

"मंग माहंच काही बिघडलं," ती म्हणाली.

सराव संपल्यावर मी चौथ्यांदा बटण दाबून ठेवलं. ईस्टरला भरल्या चर्चमध्ये तिचा आवाज फाटला. तिनं माईक स्वतःच कॉन्व्हेंटच्या सिस्टरच्या हातात दिला आणि खाली जाऊन बसली. आवाज कुठं थांबतो ते मला कळलं. कळल्यावर क्षणभर बरंही वाटलं — हे सांगितलं नाही तर बाकीचं सांगून काय उपयोग?

पुढच्या रविवारी एक नवी मुलगी गायला उभी राहिली. मी आकडा शून्यावर आणला. आणि तिसऱ्या बेंचवरून रोझामावशी सगळ्यांसोबत गायली, वरच्या सुरासकट, सहज. आता तिला कळणार, आता ही माझी गचांडी धरणार.

शनिवारी कन्फेशनच्या, म्हणजे फादरपुढे पापं कबूल करायच्या, रांगेत ती माझ्या पुढे होती. बाहेर आली तेव्हा चेहरा मोकळा झालेला. माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाली, "खाली बसून गायलं तर गळा चालते, फ्रान्सिस. पुढं उभं राहिलं की बंद. घसा चांगला आहे, मनच खराब होतं. लय गर्व झाला होता मले आवाजाचा, म्हणून देवानं तो मान काढून घेतला. सांगून आली फादरले."

"बरं केलं मावशी," मी म्हणालो.

मग माझा नंबर लागला. गुडघे टेकले. वर्गात पोरांवर ओरडतो, एवढं सांगितलं आणि बाहेर आलो. मावशी जपमाळ घेऊन बसली होती, फादरनी दिलेलं प्रायश्चित्त करत.

त्याला सहा वर्षं झाली. ती अजून बेंचवरूनच गाते. कीबोर्ड मीच वाजवतो.