डाव्या फ्लिपरचा कौल

असले अनुभव वाचून मी आजवर हसतच आलोय, हे आधीच कबूल करतो. कर्नाटकात, गोव्याच्या हद्दीजवळ रामनगरला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. वायर तुटली की पंखा थांबतो, जोडली की फिरतो... मधे भूतबित कोणी येत नाही. बायको दर अमावास्येला दुकानाला बांधायला लिंबू आणते, ते मी बांधायच्या आधीच सरबतात पिळतो. तर असा मी माणूस.

गणेशगुडीला काळी नदीच्या काठावर एक लॉज आहे. नाव सांगत नाही. तिथल्या जेवणाच्या हॉलमध्ये मालकानं गोव्याहून आणलेलं एक जुनं पिनबॉल मशीन आहे. पाहिलं नसेल त्यांच्यासाठी – काचेखाली उतरती फळी, वरून स्टीलची गोळी घरंगळत येते आणि खाली बोटभर लांबीचे दोन फ्लिपर असतात. कडेची बटणं दाबली की ते ठाक् करून उडतात आणि गोळी परत वर पाठवतात. त्यातला डावा फ्लिपर कमजोर झालाय, म्हणून मला बोलावणं आलं.

सकाळी दहाला पोचलो. मशीन उघडायच्या आतच स्वयंपाकघरातून पार्वतीअक्का हात पुसत आल्या. जवळच्याच कुंभारवाडा गावाकडच्या. त्यांचा मुलगा नागेश तिथंच राफ्टिंग गाइड.

"तम्मा," – कानडीत धाकटा भाऊ – "ह्ये सगळ्यांच्या हाताला चालतंय," त्या म्हणाल्या. "माझ्या नागेशच्याच हाताला उठत न्हाई."

मग कळलं. आमच्याकडे महत्त्वाच्या कामाआधी देवाला कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. गाइड पोरांनी त्याचीच मस्करी म्हणून या मशीनला कौल लावायला सुरुवात केली होती. राफ्ट पाण्यात उतरवण्याआधी एकेक गोळी खेळायची, दोन्ही फ्लिपर उडाले की कौल मिळाला. मस्करीची सवय झाली, आणि आता चार दिवस नागेशचा डावा फ्लिपर अर्ध्यावर येऊन थरथरत होता. तो हसून रोज जायचा, आईला मात्र घास गिळवत नव्हता.

मी म्हटलं, "अक्का, कचरा अडकला असंल. तासाभराचं काम हाय."

फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वाइंडिंग असतात. जाड तारेचं जोर लावतं, बारीक तारेचं नुसतं धरून ठेवतं. फ्लिपर वर पोचला की एक छोटा स्विच जाड वाइंडिंग बंद करतो, नाहीतर कॉइल जळेल. या स्विचचे पॉइंट काळे पडले की जोर जातो. दहापैकी आठ वेळा हेच असतं, आणि इथंही ते थोडे काळे होतेच. घासले. आतली नळी बदलली, स्क्रू आवळले, बटणाचे पॉइंट साफ केले. मी दाबलं – ठाक्. अक्कांनी दाबलं – ठाक्. मालकानं दाबलं – ठाक्.

नागेशनं दाबलं. अर्ध्यावर आला आणि थरथरत राहिला.

त्याला उजव्या हातानं तेच बटण दाबायला लावलं. ठाक्. डाव्या हातात लाटणं देऊन त्याच्या टोकानं दाबायला लावलं... अर्धा. मीटर लावून पाहिलं, तो दाबतानाही कॉइलला व्होल्टेज पूर्ण. मला घाम फुटला, खोटं का सांगू. भीतीचा नव्हे, रागाचा. वीस वर्षं या धंद्यात आहे आणि एक बोटभर कॉइल माझी चेष्टा करतेय!

एक वाजला. दोनला राफ्ट निघणार होती.

"आज जाऊ नको म्हणून तूच सांग रे त्याला," अक्का हळूच म्हणाल्या. "माझं ऐकत न्हाई. तू सांगितलंस तर ऐकंल."

इथंच मी चुकलो. मी स्विचच्या दोन्ही पॉइंटांवर आडवी वायर टाकून सोल्डरचा डाग मारला, म्हणजे जाड वाइंडिंग बंदच होणार नाही. मुद्दाम कोणी करत नाही असं, कॉइल जळते. पण एखाद-दोन झटक्यांना काय होतंय.

"आता दाब," मी नागेशला म्हटलं.

ठाक्!

"बघा अक्का, दिला की नाही कौल? काळा पॉइंट होता नुसता."

अक्कांनी डोळे मिटून मशीनला नमस्कार केला. नागेशनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि शिट्टी वाजवत नदीकडे गेला. तो दिसेनासा झाल्यावर मी वायर काढून टाकली.

चार वाजता जीपमधून त्याला आणलं. राफ्ट खडकावर चढली, एक पाहुणी पाण्यात पडली. नागेशनं डाव्या हातानं तिला धरून ठेवलं आणि प्रवाहानं त्याचा खांदा पिळून काढला. पाहुणीला खरचटलंही नाही. नागेश वाचला, पण हाताच्या शिरा गेल्या. आता तो हात उचलायला गेला की हात अर्ध्यावर येतो आणि थरथरतो.

आता कोणी म्हणेल, योगायोग. मीही वर्षभर स्वतःला तेच सांगितलं. राफ्टिंगमध्ये खांदे निखळतात, त्यात काय मोठं?

मग गेल्या आठवड्यात त्याच लॉजच्या पंपाची मोटार बघायला गेलो. नागेश आता काउंटरवर बसतो. मला बघून खुश झाला. "मामा, तुमचं काम एक नंबर हाय बघा," म्हणत मला मशीनपाशी घेऊन गेला. उजव्या हातानं डावा उचलून बटणावर ठेवला आणि बोट जेमतेम टेकवलं. ठाक्! "त्या दिसापास्नं कधी अडला न्हाई."

मी हसलो. हसत हसत मीही दाबलं.

अर्ध्यावर आला आणि थरथरत राहिला.

दोन तास घालवले मी त्यावर. पॉइंट स्वच्छ, नळी नवी, व्होल्टेज पूर्ण. उजव्या हातानं दाबलं की ठाक्. डाव्या हातानं... जाऊ द्या.

अक्का बाजूला उभ्या राहून बघत होत्या. मी बाईकची किल्ली काढली तशी त्यांनी माझं मनगट धरलं. डावं.

"तम्मा, गाडी हितंच ऱ्हाऊ दे. क्लच त्याच हाताचा न्हवं? बसनं जा. एकाला मी अडवलं न्हाई, तुला तरी अडीवते."

त्या क्षणी वायरबद्दल सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. मी नुसती मान हलवली आणि स्टॉपवर जाऊन उभा राहिलो.

आठ दिवस झाले. हात ठणठणीत आहे, डॉक्टरही तेच म्हणाले. काय प्रकार आहे मला कळलेलं नाही आणि कळेलसं वाटत नाही. बायको रोज विचारते, गाडी कुठाय? सर्व्हिसिंगला दिलीय म्हणून सांगतो.

गाडी अजून गणेशगुडीलाच आहे. नागेश म्हणतो, आई रोज सकाळी तिच्यावरची धूळ पुसते.