ओट्यावरची शिकवणी
वाळत्या मिरच्यांचा ठसका लागला की कोरीट गावातला आमचा ओटा आठवतो. तिथे वडील गणिताची शिकवणी घेत. मोबाईलवर फुकट धडे मिळू लागले तशी मुलं गळत गेली आणि शेवटी एकच मुलगी उरली. एका संध्याकाळी पायरीवरच थांबून ती म्हणाली, “सर, व्हिडिओमा गणित समजस मले. आते मी नही येवाव.” “चांगलं शे बेटा,” वडील हसून म्हणाले आणि कोराच फळा पुसत राहिले. मग माझा मोबाईल मागून घेऊन त्यांनी व्हिडिओतल्या सरांचा एक धडा शेवटपर्यंत पाहिला. “हाऊ मन्हापेक्षा चांगलं शिकाडस,” ते हळूच म्हणाले. ते खरंच होतं, म्हणून मी गप्प राहिले. आता वडील नाहीत. तेव्हा खोटं तरी बोलायला हवं होतं, असं फार वाटतं.