मोलीकाकांचा पाहुणचार

आमच्या बेटावर, लुगनविलमध्ये, कावा पाजावा तो आमच्या मोलीकाकांनीच. ओल्या मुळ्या कुटून काढलेला त्यांचा हा गुंगीचा रस दोन करवंट्या प्यायला, की दुसऱ्या दिवशीही पाय ऐकत नाहीत. फिजीचा कावा त्यापुढे ताक! बेटांच्या क्लब फुटबॉल स्पर्धेसाठी फिजीचा संघ आला, तेव्हा आमच्याशी होणाऱ्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी काकांनी त्यांच्या खेळाडूंना अगदी आग्रहानं बोलावलं.

त्यांचा प्रशिक्षक विलिकेसा साळसूदपणे म्हणाला, "काका, पाहुण्यांना एकटं पाजत नाहीत ना तुमच्यात?"

नाहीच पाजत. काकांना झक मारत आमचाही संघ बोलवावा लागला. "पोरांनो, नुसते ओठ लावा," ते कुजबुजले. पण पाहुण्यासमोर करवंटी अर्धी ठेवायची म्हणजे गावाची अब्रूच गेली! आमच्या गाढवांनी प्रत्येक करवंटीचा तळ दाखवला.

दुसऱ्या दिवशी आमचे खेळाडू झोपेत चालल्यासारखे मैदानात उतरले. समोर मात्र भलतेच चेहरे टणाटण उड्या मारत होते.

"अरे, कालचे कुठायत?" काका ओरडले.

"ते राखीव होते, काका. अजून झोपलेत," विलिकेसा हसला. "सामना संपला की या खऱ्यांना आणतो तुमच्याकडे."

"नंतर कशाला? आत्ताच आण की, मेल्या!"