पालीचे तळवे

माझ्या आत्याचं पुस्तकबांधणीचं दुकान म्हणजे एकच लांबट खोली. दुपारी ऊन तिरपं आत आलं की कागदाची धूळ त्यात तरंगत राहायची आणि सगळी खोली पाण्याखाली गेल्यासारखी वाटायची. आत्या त्या पाण्यात सावकाश काम करायची. गिऱ्हाइकाने घाई केली की म्हणायची, सुकणाऱ्या वस्तूला घाई कळत नाही.

सरस लावलेला पुठ्ठा उघडा टाकून ती कधी उठत नसे. एकदाच उठली, दाराशी कुणी आलं म्हणून. परत येऊन बघते तर त्या घट्ट, तपकिरी गोंदात एक पाल चारी पायांनी रुतलेली. आत्याने कोमट पाण्यात ब्रश बुडवून एकेक बोट सोडवलं. पाल सुटली, शेपटी मात्र पुठ्ठ्यालाच राहिली, वळवळत. एका पायाची सालही निघाली होती.

तिला भिंतीवर ठेवलं तर ती घसरून खाली आली. पुन्हा ठेवलं, पुन्हा घसरली. आत्याचा चेहरा उतरला. आपल्या सरसाबरोबर तिच्या पायाचा मूळचा गोंदही धुतला गेला, असंच तिने धरलं. चिकटणारी प्रत्येक गोष्ट तिच्या लेखी कशाने तरी चिकटवलेली असायची. मग काय, सगळ्यात बारीक ब्रश काढून तिने पातळ सरस पालीच्या तळव्यांना लावला. मग तिला एका रिकाम्या खोक्यात ठेवलं, तर पाल तळाशीच चिकटून बसली.

पानं शिवायला येणाऱ्या मावशी हसून हसून बेजार झाल्या. म्हणाल्या, "आता पाठीवर कापड चढव आणि नाव घाल, म्हणजे झालं."

आत्या हसली नाही. तिने ते पाय पुन्हा धुतले आणि ब्रश लांब ठेवून दिला. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. खोकं खिडकीशी ठेवून ती दिव्याजवळची चिलटं धरून आणायची, ब्रशच्या टोकाने पाण्याचा थेंब द्यायची. आमच्याशी बोलायची, पण कान खोक्याकडे. जखमेवर खपली धरली. भिंत मात्र पालीला धरवत नव्हती.

एका दुपारी मी तिथे असताना पालीच्या अंगावरून धुरकट कागदासारखी कात सुटू लागली. हातमोजा काढावा तशी तिने ती पायावरून तोंडाने ओढली आणि खाऊन टाकली. थोडा वेळ नुसती बसली. मग खोक्याच्या कडेवर पाय ठेवला, तिथून भिंतीवर.

आत्या ॲप्रनची दोन्ही टोकं पसरून तिच्या खाली उभी राहिली. पाल वर सरकेल तशी तीही भिंतीच्या कडेने सरकायची, मान वर करून, तोंड अर्धवट उघडं. दारातल्या गिऱ्हाइकाने विचारलं, माझं पुस्तक झालं का?

"थांबा हो," आत्या वर बघतच हळू म्हणाली, "अजून पोचली नाही ती."