नानांनी छताची दाढी केली

सलूनवाले नाना बोलायचे कमी, पण तोंड मात्र अखंड चालू. गिऱ्हाईक खुर्चीत आडवं झालं, गालाला फेस लागला आणि त्याने आपलं पुराण सुरू केलं, की नाना डोक्यामागे उभे राहून त्याची हुबेहूब नक्कल करायचे. भुवया उडवायचे, गाल फुगवायचे, ओठ मुरडायचे. आवाज मात्र एकच, "हो ना, हो ना!" गिऱ्हाइकाला वाटायचं, काय ऐकून घेतो हा माणूस!

अडचण होती ती छताची. आडव्या माणसाला वरचे पिवळे डागच दिसायचे. रंगवाल्याने सुचवलं, "ऑइल पेंट मारा. फडकं फिरवलं की लख्ख."

"अहो, ऑइल पेंट दाराखिडक्यांना लावतात," नानी म्हणाल्या.

"छत म्हणजे तरी काय? निजलेली भिंतच की!" नाना म्हणाले.

सुट्टीच्या दिवशी नाना स्टुलावर चढले, नानींनी स्टूल धरलं. आधी खड्ड्यांत लांबी भरली, मग पॉलिश पेपरने घासून घासून छत इतकं गुळगुळीत केलं, की नाना अधूनमधून त्याला गाल लावून बघत. मग गडद निळा रंग. ब्रश कसा चालवायचा हे नानांना कुणी शिकवायला नको होतं. फक्त फेस खालच्या गालाला लावतात आणि हे वर होतं, एवढंच ते विसरले. रंग मनगटावरून कोपरात, कोपरातून काखेत उतरला. एक टपोरा थेंब नानींच्या अंबाड्यावर पडला.

"पडलं का काही?" नानांनी विचारलं.

"माझं नशीब!" नानी म्हणाल्या.

रंग वाळला आणि छत आरशासारखं चमकू लागलं. नाना खूश. पहिलं गिऱ्हाईक आलं ते गल्लीतले दातांचे डॉक्टर. आडवे झाले आणि जावयाच्या नव्या गाडीबद्दल बोलू लागले. नानांनी सवयीने गाल फुगवले, मान डोलावली, गाडी वळवल्यासारखा वस्तरा वळवला.

डॉक्टर बोलता बोलता थांबले. त्यांची नजर वर होती. नानांनीही वर पाहिलं. निळ्या छतात गाल फुगवलेले नाना उलटे लटकत होते. नानांनी हळूच गालांतली हवा सोडली.

"कधीपासून चाललंय हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"साहेब... दाढ दुखत होती."

"दाढेची कारणं मला सांगता?" डॉक्टर इतके हसले, की फेस नाकात गेला. "अहो, मीही करतो! पेशंटच्या तोंडात कापूस कोंबला की सुरू. म्हणून तर छताला चुना लावावा, नाना. तुम्ही नुसता गिऱ्हाइकांनाच लावत बसलात!"

नानांनी खरंच चुना लावला. पण ऑइल पेंटवर तो कसला बसतोय? आठवड्याभरात पापुद्रे सुटून लोकांच्या डोक्यात पडू लागले आणि कोंड्याचा आळ नानांच्या कात्रीवर आला. शेवटी चुना खरवडून काढला. आता नाना दाढीआधी प्रत्येकाच्या डोळ्यांवर गरम ओला टॉवेल ठेवतात. लोक खूश आहेत, म्हणतात, नाना किती काळजी घेतात!

फक्त दातांचे डॉक्टर टॉवेल ठेवू देत नाहीत. त्यांना समोरून बघायचं असतं.

"नाना, आज जरा माझ्या सासूबाई करा," ते म्हणतात. आणि नाना लाजून लाल होतात. कुणी बघत असलं की त्यांना काही म्हणता काही जमत नाही.