आधी कोणी मागे यायचं? तंजावरच्या एका नवसाची गोष्ट

तांदळाच्या डब्याच्या तळाशी घालायला मी कालचा पेपर घेतला आणि मथळा दिसला: बर्फावरून सैन्य मागे. तशीच ओल्या हाताने खाली बसले. मथळा पुन्हा वाचला. मग तेवढा तुकडा कात्रीने कापून देवघरातल्या पोथीत ठेवला आणि यांना म्हटलं, "मला तंजावरला जायला हवं."

हे नगरपालिकेच्या पाणीखात्यात होते. चहा तसाच ठेवून म्हणाले, "आत्ता? एकटी?"

"नवस फेडायचाय."

नव्वदीच्या दशकातली ही गोष्ट. आमचा संदीप पलटणीत होता आणि त्या वर्षी सियाचिनच्या बर्फात होता. पत्रावर फक्त आकड्यांचा पत्ता असे. शेवटच्या पत्रात त्याने लिहिलं होतं, "पायाच्या बोटांना जरा मुंग्या येतात, काळजी नको." काळजी नको असं लिहिलं की काय होतं, ते आयांना ठाऊक आहे. माझी धाकटी बहीण कमल तंजावरला दिलेली. तिने मागे सांगितलं होतं की तिथल्या मारिअम्मनला दुखऱ्या अवयवाचा चांदीचा पत्रा वाहतात. मी मिरजेत, स्वयंपाकघरात उभी राहून, त्या न पाहिलेल्या देवीला बोलले होते: संदीपची पलटण खाली उतरली की तुझ्या दारात येऊन चांदीची पावलं वाहीन.

आणि आता पेपरातच आलं होतं. आमच्या घरी देवाला बोललेलं पुढे ढकलत नाहीत.

प्रवासाचं सांगते, कारण हा ब्लॉग सुनेने उघडून दिला तो "आई, लोकांना उपयोग होईल असं लिहा" म्हणूनच. मी मिरजेहून बंगळूरला गाडीने गेले, बायकांच्या डब्यात, दशम्या आणि लसणीच्या चटणीवर. बंगळूरहून तंजावरची एसटी. त्यांची एसटी आपल्यापेक्षा जोरात पळते आणि पुढच्या टीव्हीवर पिक्चर लावतात, तो पूर्ण आवाजात. डोक्याला बांधायला रुमाल न्या. आता गाड्या वाढल्यात म्हणतात, तेव्हा माझ्या सांगण्यावर जाऊ नका. भाताची मात्र काळजी नको. वाटेत केळीच्या पानावर आठ रुपयांत पोटभर वाढत. "पुरे" हा शब्द तिथे कोणाला कळत नाही, पान मिटलं की कळतं.

कमलचं सासर तीनशे वर्षं तिथेच. भोसल्यांच्या राज्यात आलेलं घराणं, आता कोणी शाळेत, कोणी सरकारी कचेरीत. घरात मराठीच बोलतात, पण ती आपली नव्हे. चाल तमिळ आणि शब्द जुने. दारातच तिचे सासरे अण्णा म्हणाले, "येवा, येवा. अस्की बरी आहेत की घरी?" अस्की म्हणजे सगळी. मला वाटलं, कुठल्या तरी जुन्या पोथीतला माणूस उठून दारात आला. कमलच्या मुलीशी मी मराठीत बोलले की ती तमिळमध्ये उत्तर द्यायची आणि दोघींचं बरं चालायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठं देऊळ. सहाला जा, दगड तापायच्या आत. त्या शिखराकडे बघताना माझी मान अवघडली आणि तरी ते पुरतं डोळ्यांत मावेना. मागच्या भिंतीवर मात्र मी थबकले. लांबच लांब मराठी लेख कोरलेला, चक्क आपली अक्षरं! मी बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागले. अर्धं कळलं, अर्धं नाही. अण्णा शेजारी उभे राहून लहान मुलासारखे ऐकत होते.

"तुम्ही रोज येता ना अण्णा? पाठच असेल तुम्हाला."

"कुठचं? मला ही अक्षरं येत नाहीत. तमिळ वाचतों, इंग्रजी वाचतों. मराठी आमची तोंडातच राहिली."

कमल मागून म्हणाली, "या घरात पत्र मला एकटीला वाचता येतं. म्हणून तर तुला सासूची चुगली बिनधास्त लिहिते."

"लिही, लिही," अण्णा म्हणाले, "पोस्टात चाळीस वर्षं काढलीं. कुठलं पत्र जड आहे, हातांत घेतल्यावर कळतं मला."

दुपारी जेवणं झाल्यावर अण्णा झोपाळ्यावर बसले आणि त्यांनी विचारलं, एवढ्या लांब अचानक कशी आले. मी बरोबर आणलेल्या पोथीतून कात्रण काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटं धरलं, सुलटं केलं आणि हसून परत दिलं. "वाचून दाखवा की."

मी मथळा वाचला. "बर्फावरून सैन्य मागे."

"पुढे?"

पुढे मी कधी वाचलंच नव्हतं. खरं सांगते. पाच दिवस ते कात्रण माझ्यापाशी होतं आणि मथळ्याच्या खाली माझी नजर गेली नव्हती. मी मॅट्रिक झालेली बाई, घरचा सगळा हिशेब माझ्या वहीत, दुधाचं बिल दोनदा तपासते. पण यात तपासायचं काय, असंच वाटलं होतं. आता मोठ्याने वाचू लागले. सैन्य मागे घेण्याबाबत दोन्ही बाजूंत बोलणी. तत्त्वतः अनुकूलता. आधी सध्याच्या चौक्यांची नोंद व्हावी की आधी माघार, यावर मतभेद. पुढील बैठकीची तारीख ठरलेली नाही. वाचता वाचता माझा आवाज बारीक होत गेला.

"म्हणजे उतरले नाहीत," अण्णा म्हणाले.

"पण छापलंय ना?"

"अहो, छापलेलं तर अठ्ठेचाळीस सालापासून आहे." ते उठले आणि कॉफीचे दोन पेले झोपाळ्याच्या फळीवर समोरासमोर मांडले. "हे ते. हे आपण. मध्ये काश्मीर. सगळ्या जगाच्या सभेने ठराव केला. आधी यांनी जायचं." एक पेला बोटभर मागे. "ते गेले असं नक्की झालं की मग आपण बरंचसं सैन्य काढायचं." दुसरा पेला अर्धा बोट. "मग तिथल्या लोकांना विचारायचं, तुम्हाला कुठे राहायचंय."

"मग आधीचे गेले का?"

"ते म्हणतात, आपण निघणार याची खात्री काय? आपण म्हणतों, तुम्ही आधी निघा. कोण म्हणतो, दोघे एकदम निघा. एवढ्यावर चाळीस-पंचेचाळीस वर्षं गेलीं."

"आणि संदीपचा बर्फ यात कुठे येतो?"

अण्णांनी मान हलवली. "तिथे तर नकाशावरची रेघ पोचलीच नाही. अमुक ठिकाणापर्यंत ओढली आणि पुढे लिहिलं, तिथून उत्तरेला हिमनद्यांकडे. बर्फात कोण राहणार, असं वाटलं असेल त्यांना."

मी पेल्यांकडे बघत बसले. एकाला मागे सरकायला दुसऱ्याची वाट, दुसऱ्याला पहिल्याची. आणि वर माझा पोरगा, बोटांना मुंग्या आलेला. इतक्यात कमलच्या सासूबाई आल्या, दोन्ही पेले उचलले आणि म्हणाल्या, "झाली सभा? आता दोन्ही मीच मागे नेतें, घासायचे आहेत." सगळे हसले. मीही हसले.

माझा घोटाळा वेगळाच होता. मी देवीशी करार केला होता: आधी तू त्याला उतरव, मग मी पावलं वाहीन. आता मी आधीच येऊन बसले होते आणि तिच्याकडून काही झालं नव्हतं. पावलं वाहिली तर झालेलं नसताना झालं म्हटल्यासारखं, देवीपुढे खोटं. न वाहता परतले तर दारातून रिकामी गेले, तिचा अपमान. रागावून तिने वर काही केलं तर?

कमल म्हणाली, "ताई, चल कुंभकोणमला. घरात बसून तू मला पण वेड लावशील."

म्हणून पॅसेंजरने निघालो. हा प्रवास चुकवू नका. दोन्हीकडे भाताची खाचरं, कालवे, नारळी, आणि सायकलवर केळीचे घड बांधून नेणारे बाप्ये. पापनाशमला गाडी जरा थांबली. रुळाशेजारच्या खाचरात बायका ओळीने वाकून लावणी करत होत्या. एक रोप लावायचं आणि एक पाऊल मागे. पुन्हा एक रोप, एक पाऊल मागे. सगळ्या एकदम. कोणी कोणाची वाट बघत नव्हतं.

"बघ," मी कमलला म्हटलं, "यांना जमतं."

"त्यांना संध्याकाळी मजुरी मिळते," कमल म्हणाली. "तुझ्या त्या सभेला काय मिळतं?"

कुंभकोणमची देवळं पाहिली, पण माझं लक्ष नव्हतं, म्हणून त्यांचं काही लिहीत नाही.

आडी महिना होता, म्हणजे आपला आषाढ-श्रावण, आणि तो देवीचा. शुक्रवारी पुन्नैनल्लूरला, त्या मारिअम्मनच्या देवळात गेलो. तंजावरहून बसने अर्धा तास, तिकीट रुपया-सव्वा रुपया. त्या महिन्यात गर्दी फार, चपला घरीच ठेवून जा. आतली मूर्ती वारुळाच्या मातीची, म्हणून तिच्यावर पाणी घालत नाहीत. बाहेर टोपल्यांत पत्र्याचे हात, डोळे, पोट, अख्खं मूल, सगळं दोऱ्यात ओवून ठेवलेलं. जगाची सगळी दुखणी एका टोपलीत.

मी पावलं मागितली. टोपलीवालीने विचारलं आणि कमलने सांगितलं, "कुठला पाय दुखतो, म्हणते."

"दोन्ही. म्हणजे माझे नव्हेत."

जोडी घेतली, तीस रुपयांना. हातावर वजनही जाणवत नव्हतं. आत रांगेत तासभर उभ्या राहिलो आणि माझं ठरलेलं काही नव्हतं. पुजाऱ्याने ताट घेतलं. तिथे नाव आणि नक्षत्र सांगावं लागतं. म्हटलं, "संदीप, रोहिणी." आणि मग मागे गर्दी ढकलत असताना मी कमलला सांगितलं, "त्यांना विचार, झालं नसेल तर आधी वाहिलेलं चालतं का."

कमलने विचारलं. पुजारी थकलेला होता. तो जे बोलला ते कमलने मला सांगितलं: "म्हणतात, ती माझी आई आहे, तिच्या वतीने मी कसा शब्द देऊ? तुम्ही काय बोललात ते तुम्हाला ठाऊक आणि तिला."

मागून एक बाई ओरडली. मी जोडीतलं एक पाऊल ताटात ठेवलं आणि दुसरं कमरेला खोचलं.

बाहेर आल्यावर कमल डोळे मोठे करून म्हणाली, "हे काय ग? अर्धा नवस?"

"एक पाऊल मी आधी टाकलं. आता तिचं."

हे बरोबर की चूक, मला तेव्हा कळलं नाही. अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्या सभेत तुम्ही असायला हव्या होतांत." थट्टा होती की काय, तेही कळलं नाही.

घरी परतले. दुसरं पाऊल देवघरात, पोथीच्या वर. यांनी विचारलं, "फिटला नवस?" मी म्हटलं, "तत्त्वतः." रोज पेपर मी आता शेवटच्या ओळीपर्यंत वाचू लागले. बोलणी कधी होत, कधी मोडत. पेल्यांसारखी एक बोट पुढे, एक बोट मागे.

दिवाळीनंतर एका सकाळी संदीप दारात उभा. काळा पडलेला, गाल बसलेले. मी आधी त्याचे पाय बघितले. दोन बोटांची नखं गेली होती, बाकी शाबूत. मी रडले, ओवाळलं, आणि मग म्हटलं, "झाली ना रे शेवटी माघार?"

तो हसायला लागला. "माघार कसली, आई? आमची पाळी संपली. दुसरी पलटण चढली."

"म्हणजे चौकी?"

"चौकी आहे तिथेच आहे. एक तास पण रिकामी नव्हती."

"तुझ्या जागी कोण गेला?"

"मद्रासी पलटणीतला एक. माझे जाड मोजे त्याला देऊन आलो. गाव विचारलं तर पापनाशम म्हणाला. म्हटलं, अरे, माझी मावशी तंजावरला असते! एवढं बोलणं झालं आणि मी उतरलो."

"नाव काय त्याचं?"

संदीप आठवत राहिला. "विचारायचं राहिलं ग."

तो जेवून झोपला. मी देवघरात जाऊन बसले. पलटण उतरली होती, बोलल्याप्रमाणे दुसरं पाऊल मी पाठवायला हवं होतं. पण कोणाच्या नावाने? संदीपचे दोन्ही पाय आत पांघरुणात होते. पापनाशमच्या खाचरातली वाकलेल्या बायकांची ओळ डोळ्यांपुढून हलेना. त्यांतली एखादी कदाचित त्या मुलाची आई असेल, नसेलही. देवीने माझं ऐकलं की फक्त पाळी बदलली? आणि ऐकलं असेल तर त्या आईचं नाही का ऐकलं?

दुसऱ्या दिवशी पाऊल कापसात गुंडाळून कमलला पोस्टाने पाठवलं. चिठ्ठीत लिहिलं, हे संदीपचं नव्हे, त्याच्या जागी गेलेल्या मुलाचं. वाहून टाक.

तिचं उत्तर महिन्याने आलं. तंजावरला जायचं तर मोठं देऊळ सकाळी बघा, पापनाशमला गाडीच्या खिडकीतून बघा, तिरुवैयारुला कावेरीत पाय बुडवा, हे सगळं मी सांगेन. पण त्या प्रवासातलं माझ्यापाशी राहिलं ते कमलच्या त्या कार्डावरचं. ते अजून पोथीत आहे. तिने लिहिलं होतं:

"ताई, वाहिलं. पुजाऱ्याने नाव विचारलं. म्हटलं, ठाऊक नाही. नक्षत्र? ठाऊक नाही. मग तो चिडून म्हणाला, कोण आहे तरी कोण? मी म्हटलं, वर आहे."