इब्राहीम मास्तरांचं "ईद के बाद"

सिटी चौकातल्या इब्राहीम मास्तरांसारखा कपडा शिवणारा औरंगाबादेत दुसरा नव्हता, आणि त्यांच्याइतक्या थंडपणे गिऱ्हाईक परत पाठवणाराही नव्हता. रमजानचा पंधरावा रोजा झाला, की नव्या कापडाला ते हात लावत नसत. एकदा घेतलेलं कापड शिवून होईपर्यंत त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नसे, म्हणून वडिलांनीच घालून दिलेला हा नियम. "ईद के बाद," एवढंच म्हणायचं आणि मान खाली घालून मशीन चालवायचं.

निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनला सात-आठ वर्षं झाली होती. त्या साली ईद ऐन लग्नसराईत आली. करमाडचा बद्रीनाथ पोरीच्या लग्नात घालायला बंद गळ्याचा कोट शिवायला आला. लग्न ईदेनंतर आठवड्यानं होतं.

"ईद के बाद, बद्रीभाऊ."

बिचारा कापड काखेत मारून पायरी उतरतोय, तोच गल्लीतला मजीद नवा कुर्ता घेऊन दुकानातून बाहेर पडला. त्यानं कापड रोजे सुरू व्हायच्या आधीच दिलेलं, पण हे बद्रीनाथाला कोण सांगणार? त्याचं डोकंच फिरलं. तडक गेला तो आप्पासाहेब वकिलांकडं.

"दुकानदाराला गिऱ्हाईक हाकलता येतं का हो?"

"वेळ नसेल, गिऱ्हाईक शिवीगाळ करत असेल, तर येतं," वकील म्हणाले. "पण जात-धर्म बघून नाही म्हणता येत नाही. घटनेतच तसं लिहिलंय."

"मग चला माझ्यासंगं."

दोघं दुकानात येऊन उभे राहिले. बद्रीनाथानं भर दुकानात विचारलं, "मास्तर, मजीदचं शिवता अन् माझं नाय? मी हिंदू हाय म्हणून?"

मास्तरांचं मशीन थांबलं. ह्याच बद्रीनाथाच्या स्वतःच्या लग्नातला सदरा त्यांनी शिवला होता. कोर्टाची भीती त्यांना वाटली नाही. ओळखीच्या माणसानं आपल्याबद्दल असं समजावं, हे मात्र जिव्हारी लागलं. पंधराव्या रोजाचा नियम आणि मजीदचं कापड त्याआधीच आलेलं, एवढं त्यांनी कसंबसं सांगितलं.

"मास्तर, हा नियम सगळ्यांना आहे, याला साक्षीदार कोण?" वकिलांनी विचारलं.

"मी हाय ना!" दारातून आवाज आला. मास्तरांची बायको मुनिरा घरी काज-बटणं करून शर्टांचं गाठोडं घेऊन आली होती. ते तिनं दाणकन टेबलावर आपटलं. "लग्न झाल्यापासून एका ईदेला मला नवा कुर्ता नाय, वकीलसाब. दुनियेची काज-बटणं उरकून मी माझं कापड आणते, तवर पंधरावा रोजा झालेला असतो. मग मलाबी हेच, ईद के बाद! हे बघा, गेल्या सालचं. ईदेनंतरबी दुनियेचंच आधी!" तिनं गाठोड्यातून हिरवं कापड काढून दाखवलं.

आप्पासाहेब एवढे हसले की चष्मा पुसावा लागला. बद्रीनाथानं कपाळावर हात मारून घेतला. "मास्तर, लई चुकलो. माझं राहू द्या, पण भाभीचं तरी घ्या की आज!"

ओशाळलेल्या मास्तरांनी खरोखरच हात पुढं केला. मुनिरानं कापड मागं ओढलं.

"माझं घेतलं तर बद्रीभाऊंचंबी घ्यावं लागंल. नायतर वकीलसाब पुन्हा येतील."

"येणारच," वकील म्हणाले.

त्या दिवशी कुणाचंच कापड घेतलं गेलं नाही. ईद झाल्यावर आधी कोट झाला, मग कुर्ता, आणि करमाडच्या मांडवात दोन्ही मिरवले. हिरव्या कुर्त्यातल्या मुनिराकडं मास्तर अख्खं लग्नभर चोरून बघत होते. ही इतकी वर्षं रांगेत शेवटी उभी राहिली आणि आपल्याला ते कधी दिसलंच नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

पुढच्या साली पहिल्या रोजाला मास्तरांनी दुकान उघडलं, तर पायरीवर मुनिरा कापड घेऊन हजर. सवयीनं "ईद के" एवढं तोंडातून गेलंच.

"बोला, बोला," ती म्हणाली. "वकीलसाबला बोलवू?"

मास्तर हसले, गळ्यातली टेप काढली आणि साऱ्या गिऱ्हाइकांच्या आधी बायकोचं माप घेतलं.